पेटी रोज उघडतो

दम्माम, १० मे २०१३

दीनानाथ,

तुझा पत्ता मला सुक्या सोड्यांच्या पुडीवर सापडला. आमच्या कालुस्त्याचा गफूर चौगुले सुट्टीवरून परतताना माझ्यासाठी सोडे घेऊन आला. त्याच्या बायकोने, हफीजाने, ते 'साप्ताहिक खाडीकाठ'च्या चार पानांत बांधून दिले होते. सोडे डब्यात ओतले आणि जुन्या सवयीने तळाची बारीक ओळ वाचली. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक: दीनानाथ खातू, चिपळूण. चारही खुर्च्यांवर तूच. मॉस्कोत मला सत्तेच्या विकेंद्रीकरणावर व्याख्यानं देणारा माणूस हाच का, असं क्षणभर वाटलं.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. तू खोडशील. संपादकाने खोडण्याआधी आपणच गाळावं, एवढी एक विद्या मी आयुष्यात नीट शिकलो.

रुकय्याने विचारलं, कोण हा दीनानाथ? अठ्ठावीस वर्षांत तुझं नाव घरात निघालं नव्हतं. मी सांगितलं, मॉस्कोत एका मासिकाचा मराठी विभाग होता. त्यात आम्ही दोघे भाषांतरकार, तो खिडकीपाशी, मी दाराशी. समाजवादाची प्रगती रशियनमधून मराठीत आणायचो आणि शेवटच्या पानासाठी वाचकांची पत्रं लिहायचो.

"वाचकांना पत्रं," ती म्हणाली.

"वाचकांची," मी म्हटलं. "वाचक लांब राहायचे. त्यांना कशाला त्रास द्यायचा."

ती ओट्याकडे वळली. तिला माझे विनोद आता फोडणीच्या आवाजासारखे ऐकू येतात.

ते मासिक गेलं, मग ते राज्यही गेलं. मी मुंबईत एका दैनिकात मुद्रितं तपासली आणि सात वर्षांपूर्वी इथे आलो. रास तनुऱ्याच्या रिफायनरीत कामं घेणारी एक कंत्राटी कंपनी आहे, तिचं मासिक बुलेटिन मी काढतो. आठ पानं, इंग्रजी आणि हिंदी. पान चारवर कामगारांची पत्रं असतात. ती कोण लिहितं हे तुला सांगायला नको. 'छपरा जिल्ह्यातील एक वेल्डर बंधू लिहितात' वगैरे. तुझ्या हाताखाली शिकलेलं वाया गेलं नाही.

गफूर आमच्याच कंपनीत कामगारांना उंचावर उभं राहायच्या परांच्या बांधतो. तीस-तीस मीटर उंच, लोखंडी नळ्यांच्या. शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला असतो. आज सोड्यांचं कालवण होतं. जेवताजेवता म्हणाला, "चाचा, मेसच्या दाराशी ती पत्रांची पेटी आहे, ती रोज उघडता ना?"

"रोज," मी म्हटलं.

तो समाधानाने जेवला. तीनदा भात घेतला.

उत्तराची अपेक्षा नाही. पत्त्याची खात्री करून घेतो आहे, इतकंच.

सिराजुद्दीन


दम्माम, १४ जून २०१३

दीनानाथ,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे.

इकडची मोठी बातमी अशी की आमची कंपनी पिवळी आहे. सरकारने सगळ्या कंपन्यांना रंग दिले आहेत. नोकरीला स्थानिक माणसं किती, यावरून लाल, पिवळी, हिरवी. लाल कंपनीच्या माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नव्याने होत नाही, आणि इकामा नसला की माणूस इथे असून नसतो. आमच्या मुदीरसाहेबांना, म्हणजे मॅनेजरना, हिरवं व्हायचं आहे. त्यांनी सगळ्यांचे इकामे मागवून बघितले. माझ्या इकाम्यावर पेशा लिहिलेला आहे: सुतार. ज्याच्या जामिनावर मी इथे आलो त्या कफीलकडे तेव्हा तोच व्हिसा शिल्लक होता. सात वर्षं एक सुतार संपादक आहे, हे साहेबांना पहिल्यांदाच कळलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "तुमच्या जागी आपण स्थानिक माणूस घेतोय. तिला शिकवा, मग खलास."

'तिला' म्हणजे अफनान. ताइफची मुलगी, पत्रकारिता शिकलेली, चोवीस वर्षांची. ती बायकांच्या खोलीत बसते. मी दारात खुर्ची टाकून, दार सताड उघडं ठेवून तिला शिकवतो. इंग्रजीत बोलतो, पण ती मला उस्ताद म्हणते. आजवर मला उस्ताद म्हणणारी ही पहिली, आणि ती माझ्याच जागेवर आली आहे. नोव्हेंबरच्या तीन तारखेपर्यंत माझे कागद निघतील. फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत.

पहिल्याच आठवड्यात तिने सात वर्षांचे अंक वाचून काढले. सात वर्षांत हे कुणी केलं नव्हतं, मीही नाही.

"उस्ताद, पान चारवरची सगळी पत्रं एकाच माणसाने लिहिल्यासारखी का वाटतात?"

"चांगली माणसं सारखंच बोलतात," मी म्हटलं.

तिने वहीत टिपून घेतलं. मला जरा वाईट वाटायला हवं होतं. वाट बघितली, वाटलं नाही.

तुझी आठवण झाली ती यावरून. मॉस्कोत आपल्यावर तीन माणसं होती. तमारा बोरिसोव्ना तर आपलं मराठी ओळीओळीने तपासायची. ग्रंथांतून मराठी शिकलेली ती बाई, पाणी मागतानाही 'मजवर कृपा कराल काय' म्हणायची. आणि तू तिच्याशी भांडायचास. तू म्हणायचास, भांडवलदाराचं वर्तमानपत्र भांडवलदाराचं असतं, समाजवादी देशातलं लोकांचं. मग लोकांनी आपल्याच वर्तमानपत्रात प्रश्न विचारला तर रागवायचं कुणी? ती म्हणायची, "प्रश्न उत्तम आहे. तो आपण स्वगृही विचारावा." तू स्वगृहीही विचारायचास, मला, रात्री जेवताना. मी बटाटे सोलायचो.

इथे माझ्यावर कुणी नाही. सात वर्षांत कुणी माझी एक ओळ खोडली नाही. तू ज्यासाठी भांडलास ते वृत्तपत्रस्वातंत्र्य मला पूर्ण मिळालेलं आहे. दुपारी जेवणानंतर त्याने मला झोप येते.

तुला एकाएकी परत का पाठवलं, ते मला कधी नीट कळलं नाही. तेव्हा विचारायचं राहून गेलं.

सिराजुद्दीन


दम्माम, ५ जुलै २०१३

दीनानाथ,

गफूर गेला.

पंधरवडा झाला. लिहायला बसलो होतो, पण बुलेटिनचा अंक होता.

परांचीवरून पडला. बावीस मीटर. इस्पितळात नेल्यावर तासाभराने गेला. तपासाचा कागद चार ओळींचा आहे: कर्मचाऱ्याने सुरक्षापट्टा अडकवलेला नव्हता, चूक कर्मचाऱ्याची. यार्डाच्या फाटकावर एक मोठी पाटी आहे, 'अपघाताविना इतके दिवस'. त्या सकाळी तिच्यावर चारशे बारा होते. मृत्यू इस्पितळात झाला, यार्डात झाला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी चारशे तेरा झाले. आपल्या त्या मासिकात पोलादाचं उत्पादन असंच कधी घटायचं नाही, आठवतं?

दफन इथेच केलं, जुम्याच्या नमाजानंतर. इथल्या कबरीवर नाव नसतं. एक दगड डोक्याशी, एक पायाशी. मी तीन मुठी माती टाकली. हाताला माती लागल्याचं मला घरी येऊन नळाखाली हात धरल्यावर दिसलं.

श्रद्धांजली मीच लिहिली, दोन भाषांत. 'आपल्या परिवारातील एक हसतमुख सदस्य.' गफूर फारसा हसायचा नाही. समोरचे दोन दात पुढे होते, त्यामुळे तसं वाटायचं.

हफीजाचा फोन आला. मला वाटलं रडेल. ती अगदी हळू, नीट बोलली.

"चाचा, एकच विचारायचंय. पट्टा लावला नव्हता, असं खरंच आहे?"

"कागदात तसं आहे."

"कागद आलाय इकडे. मी तुम्हाला विचारतेय. हा माणूस मच्छी आणायला बंदरावर स्कूटरने गेला तरी हेल्मेट घालायचा. पोरं मागून ओरडायची, पायलट आला, पायलट आला. तो तिकडे वर पट्ट्याशिवाय चढला? जमातीत लोक बोलतात, बेफिकीर होता म्हणून गेला. पोरगी शाळेतून तेच ऐकून आली."

"मी चौकशी करतो," मी म्हटलं.

"करा," ती म्हणाली. "तुम्ही पेपरवाले आहात. तो म्हणायचा, चाचांच्या पानात आलं की साहेब हलतात."

चौकशी केली नाही. सुट्टीचे वार बदलले तेवढ्यात. राजाज्ञा आली, आता गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार. सगळे त्याच गडबडीत होते. शुक्रवार राहिला. शुक्रवारी रुकय्या अजून चौथं ताट काढते आणि परत ठेवते. आमची उमामा म्हणते, "मम्मी, स्टॉप इट." मग तीच जाऊन ते ताट फडताळात उलटं ठेवते.

सिराज


दम्माम, २३ ऑगस्ट २०१३

दीनानाथ,

ईद झाली. तुझ्याकडून काही नाही. हरकत नाही, मला एकतर्फी पत्रव्यवहाराची सवय आहे. दोन्ही बाजू मीच लिहीत आलो.

अफनानने पेटी उघडली.

मेसच्या दाराशी हिरवी लोखंडी पेटी आहे, वर 'आपली पत्रे' असं चार भाषांत लिहिलेलं. ती मीच बसवून घेतली होती, आल्या आल्या, पान चारच्या शोभेसाठी. किल्ली माझ्या खणात, रबरबँडच्या गोळ्याखाली. सात वर्षांत लागली नाही. अफनानने एक दिवस सहज विचारलं, "उस्ताद, मूळ पत्रं कुठे ठेवता? मला फाइल लावायची आहे." मी म्हटलं, छापून झाली की फाडतो. "मग या महिन्याची?" मी म्हटलं, अजून काढली नाहीत. ती म्हणाली, "किल्ली द्या, मी ड्रायव्हर पाठवते."

मी किल्ली दिली. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि कारणं रचायचं माझं काम मीच तिला शिकवून संपवलं होतं.

पेटीत किती निघावीत? मी म्हणालो असतो, पाच-सहा, बाकी चॉकलेटचे कागद. चॉकलेटचे कागद होतेच. पत्रं एकशे नव्वद. तिने टेबलावर भाषेप्रमाणे गठ्ठे लावले. बंगाली, मल्याळी, नेपाळी, उर्दू, हिंदी, तमिळ. काही इतकी जुनी की शाई उडालेली. प्रत्येक भाषेचा माणूस बोलावून ती ऐकते आणि वहीत उतरवते. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे एकदा बघितलं. काही विचारलं नाही. ताइफची माणसं सभ्य असतात.

मराठी गठ्ठा सगळ्यांत छोटा. तीन कागद, एकाच हाताचे. गफूरचे.

"हे मेलेले, तेच ना?" अफनान म्हणाली. "काय लिहिलंय?"

काही विशेष नाही. मेसच्या डाळीत कोकम घालावं, असं त्याचं म्हणणं होतं. चिंचेने त्याचं पोट दुखायचं.

तिला ते फार लागलं. सप्टेंबरच्या अंकात पान चारवर तेच येणार आहे, काळ्या चौकटीत: 'आपल्या दिवंगत बंधूची साधीशी इच्छा.' मुदीरसाहेबांनाही आवडलं. साहेब म्हणाले, असं माणुसकीचं काहीतरी हवंच होतं.

बाकी ठीक.

सिराज


दम्माम, ४ ऑक्टोबर २०१३

दीनानाथ,

तुझं टपाल मिळालं. पाकिटात 'खाडीकाठ'चा एक अंक, सोबत चिठ्ठी नाही, सही नाही. पान तीनवर 'वाचकांचा पत्रव्यवहार'च्या खालच्या सूचनेभोवती लाल पेन्सिलीचा गोल: 'पत्रासोबत पूर्ण नाव व पत्ता असावा. निनावी व बनावट पत्रांची दखल घेतली जात नाही. शब्दमर्यादा दोनशे.'

पेन्सिल तू अजून तशीच दाबून धरतोस. कागद मागून उमटला आहे.

'बनावट' शब्दाखाली दोन रेघा आहेत. म्हणजे तुला माहीत आहे. कदाचित तेव्हापासूनच माहीत असेल. तरी मी लिहितो, कारण आजवर हे कुठेच लिहिलेलं नाही.

तुला का पाठवलं ते मला पक्कं माहीत होतं. देवरुखच्या त्या निवृत्त पोस्टमास्तरांचं पत्र तू छापलंस. 'आपल्या मासिकात कोणीही आजारी पडत नाही, कोणाची गाडी चुकत नाही, कोणी कोणाशी भांडत नाही. हे खरे असल्यास कसे साधले ते कळवावे. खोटे असल्यास का, तेही कळवावे.' आपल्या विभागात त्या वर्षी आलेलं ते एकुलतं एक खरं पत्र. तू म्हणालास, हे छापलं नाही तर समाजवाद सांभाळायचा कुणी, छापखान्याने? अंक भारतात पोचल्यावर वरून विचारणा झाली. तमारा बोरिसोव्नाने मला एकट्याला बोलावलं. तिच्या टेबलावर कोरा कागद काढून ठेवला होता. म्हणाली, "हे पत्र सत्य आहे किंवा आपण रचिलेले? सत्य असल्यास मी वाचकास उत्तर लिहीन. तसे वर सांगेन."

पत्राचं पाकीट, देवरुखच्या शिक्क्याचं, माझ्या खणात होतं. तिकिटासाठी मी ठेवून घेतलं होतं.

मी म्हटलं, "रचलेलं आहे. दीनानाथने."

तिने कोरा कागद परत खणात ठेवला. पंधरा दिवसांत तू विमानात होतास.

कारण विचारशील. तुझी खोली दक्षिणेला होती. माझ्या खोलीत नोव्हेंबर ते मार्च ऊन येत नव्हतं. मला तुझी खोली हवी होती, आणि ती मिळाली. आज ऊन हवं तेवढं आहे. पाकीट मी पुलावरून नदीत टाकलं. नदी गोठलेली होती, हे लक्षातच आलं नाही. ते बर्फावर पडून राहिलं. मार्चपर्यंत मी दुसऱ्या पुलावरून जायचो.

तीनेक वर्षांत तिथली मोठमोठी वर्तमानपत्रं पोस्टमास्तरांचेच प्रश्न पहिल्या पानावर विचारू लागली. मी ते लेख मराठीत उतरवले, तुझ्या टेबलावर बसून, उन्हात. तुझा त्या राज्यावर विश्वास होता म्हणून तू प्रश्न छापलास. माझा कधीच नव्हता, त्यामुळे मला तिथे काहीच अडचण आली नाही.

आता गफूर. कोकमाचा त्याच्या पत्रात उल्लेख नाही. पहिलं पत्र फेब्रुवारीचं, सुट्टीवर जाण्याआधीचं. दुसरं मेचं, आमच्याकडे सोडे देऊन गेला त्याच आठवड्यातलं. तिसरं तो पडला त्याच्या आदल्या रविवारचं. ते उतरवतो:

'मा. संपादकसाहेब, तिसरे पत्र टाकत आहे. उत्तरेच्या टाक्यांकडच्या परांचीच्या फळ्या फुगल्यात, क्लॅम्प गंजून सुटतात. पट्टा अडकवतो ती नळीच हलते, मग पट्ट्याचा उपयोग काय. फोरमनला दोनदा बोललो, तो बोलतो यल्ला, काम कर. गेल्या वर्षी बिहारच्या भावाचे पत्र आपल्या पानात आले नि आठ दिवसांत कूलर बसला, ते आम्ही सगळ्यांनी बघितले. तसे हे छापावे. तुम्ही गाववाले आहात, जेवताना सांगता आले असते, पण तो वशिला झाला. रीतसर पेटीत टाकतो. आपला, गफूर इस्माईल चौगुले, बिल्ला नं. २२७१.'

बिहारचा भाऊ मीच. कूलर आधीच आला होता, गोदामात खोक्यात होता. तो बसवायच्या आठ दिवस अगोदर मी पत्र रचलं. पान चारचा कामगारांवर चांगला परिणाम होतो, असं साहेब म्हणाले होते. झाला.

अफनान दारापलीकडे पेन घेऊन थांबली होती. तिला मराठी येत नाही. त्या इमारतीत ते पत्र वाचू शकणारा मी एकटा. माझ्या एक्झिटच्या कागदावर कंपनीची सही बाकी होती. सात वर्षांचं पान चार उघडं पडलं असतं. ही कारणं आता लिहिताना बरी दिसतात. त्या क्षणी एकही आठवलं नाही. जीभ आपसूक डाळीकडे गेली. तुलाही तेच लिहिलं, आणि लिहिताना हात थांबला नाही.

सप्टेंबरपासून मेसच्या डाळीत कोकम घालतात. मुंबईहून दोन पोती मागवली. पोरं ताट पुढे करतात आणि म्हणतात, "गफूरभाईवाली दाल डालो." मी परवा जेवून आलो. चांगली झाली होती.

सिराज


दम्माम, २४ ऑक्टोबर २०१३

दीनानाथ,

यूनुस म्हणून आमच्या शेजारचा मुलगा उद्या मुंबईच्या विमानाने निघतोय, गाव गुहागर. त्याच्या हाती हे पाकीट देतो. पोस्टावर सोडायची छाती नाही. आत गफूरची तिन्ही पत्रं आहेत, मूळ. झेरॉक्स ठेवली नाही. तुझ्याकडे खरे कागद जास्त सुरक्षित राहतात, अनुभव आहे.

अफनानला काल खरं भाषांतर दिलं, इंग्रजीत, सही करून. ती उभ्याने वाचत होती, मग बसली.

"डाळीबद्दल कुठे आहे?"

"नाही."

"म्हणजे मी छापलं ते..."

"माझं होतं."

ती बराच वेळ त्या तीन कागदांकडे बघत राहिली. एक अक्षर कळत नसताना, जणू आता कळेल. मग म्हणाली, "उस्ताद, हे मला छापता येणार नाही."

"माहीत आहे."

"फाइलला लावीन. माझ्या सहीने, तारीख घालून. मुदीर ती फाइल उघडत नाहीत, पण तपासाला कुणी आलं तर उघडतील." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही जाताना का सांगितलंत? आधी सांगितलं असतं तर मी तुमच्याकडून काहीतरी शिकले असते."

मूळ कागद तिने परत केले. म्हणाली, "ज्याला वाचता येतात त्याच्याकडे पाठवा."

नोव्हेंबरचं पान चार तिने लावलं आहे. वर नेहमीचं शीर्षक, खाली एक ओळ: 'या महिन्यात छापण्याजोगे पत्र नाही.' बाकी पान कोरं. साहेबांना वाटलं, मी जाणार म्हणून काम अडलं. मला बरं वाटेल म्हणून तसं म्हणालेही.

खालचं पत्र तुझ्या पान तीनसाठी. मोजलं आहे, दोनशेच्या आत आहे. तुझा अंक शुक्रवारी निघतो, म्हणजे एक तारखेला. माझं विमान तीनचं. 'खाडीकाठ'चे फोटो लोक फोनवर फिरवतात, संध्याकाळपर्यंत ते रास तनुऱ्याच्या यार्डात असतील आणि कंपनीने अडवलं तर एक्झिटचा शिक्का राहूनही जाईल, मी इथेच अडकेन. रुकय्याला सांगितलं आहे. तिने बॅगा भरणं थांबवलं नाही. म्हणाली, "शनिवारपर्यंत काय ते कळेल." म्हणून तुला वेगळं सांगतो, माझ्यासाठी एक अंक थांबू नकोस.

सिराज


मा. संपादक,
साप्ताहिक खाडीकाठ, चिपळूण

महोदय,

कालुस्ते येथील गफूर इस्माईल चौगुले यांचा रास तनुरा येथे परांचीवरून पडून जूनमध्ये मृत्यू झाला. कंपनीच्या कागदात चूक त्यांची दाखवली आहे. गावात ते बेफिकीर होते असे बोलले जाते. त्यांच्या पत्नी हफीजाबाई यांनी मला विचारले होते, त्याचे उत्तर जाहीरपणे देतो.

ते बेफिकीर नव्हते. परांची सुटत असल्याचे त्यांनी तीन वेळा लेखी कळवले होते. ज्या नळीला पट्टा अडकवायचा तीच हलते, हेही लिहिले होते. पत्रे सोबत आहेत. ती एका पेटीत पडून होती. त्या पेटीची किल्ली माझ्याकडे होती. त्यांनी मला विचारले होते, पेटी रोज उघडता ना. मी हो म्हणालो. मी ती सात वर्षांत एकदाही उघडली नव्हती. पत्रे हाती आल्यावरही त्यांचा मजकूर मी खोटा सांगितला.

पेटीवर त्यांनी विश्वास ठेवला, कारण तिच्या जोरावर कामे होतात अशी पत्रे मी कामगारांच्या नावाने रचून छापत होतो. यापूर्वी १९८५ साली एका वाचकाचे खरे पत्र मी रचलेले म्हणून सांगितले होते. त्यात आपली नोकरी गेली. तीस वर्षांच्या धंद्यात हे माझे पहिले पत्र आहे जे मी कोणा दुसऱ्याच्या नावाने लिहिलेले नाही.

नाव गाळू नये.

सिराजुद्दीन अहमद परकार
सध्या मु. दम्माम, सौदी अरेबिया
कायमचा पत्ता: मु. पो. कालुस्ते, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी